चिंधी फाडायची कुणी आणि कुठे?

पानिपतच्या शॉडी, म्हणजे जुन्या लोकरी कपड्यांपासून सूत काढणाऱ्या, गिरण्यांना अलीकडे ‘चक्राकार अर्थव्यवस्थे’चा, म्हणजे टाकाऊ माल पुन्हा वापरात आणण्याचा, नमुना म्हणून मिरवले जाते. धंदा मात्र जुना. लोकरीच्या चिंध्या पिंजून पुन्हा सूत काढण्याची युक्ती १८१३ च्या सुमारास यॉर्कशायरमधल्या बॅटलीत निघाली आणि पुढे इटलीतल्या प्रातोने ती मोठी केली. पानिपतमध्ये फाळणीनंतर आलेल्या निर्वासित विणकरांनी माग सांभाळले. युरोपातल्या गिरण्या थंडावल्या तशी तिथली जुनी यंत्रे इकडे आली आणि थंड देशांतले जुने स्वेटर-कोट गाठोड्यांनी उतरू लागले. बटणे, चेन काढायच्या, रंगांप्रमाणे ढीग लावायचे, मग पिंजायचे. ढीग रंगवार असल्यामुळे सूत सहसा पुन्हा रंगवावे लागत नाही. भूकंप-पुरात वाटली जाणारी स्वस्त घोंगडी बहुधा याच सुताची.

या सगळ्याला आपल्याकडे पुनर्वापराचे धोरण असे कधीच नव्हते. होता तो जकातीचा नियम. चिंध्यांची आयात खुली, पण वापरलेल्या कपड्यांच्या आयातीवर निर्बंध. गाठोड्यातला कोट चिंधी आहे हे सिद्ध करायचे तर तो आधीच फाडलेला हवा. आयात मालाची अशी मोडतोड करण्याच्या नियमांना आधार देणारे कलम १९६२ च्या सीमाशुल्क कायद्यातच आहे. हेतू सरळ होता: परदेशी जुने कपडे बाजारात उतरून इथल्या शिंप्यांच्या आणि कापड गिरण्यांच्या पोटावर पाय येऊ नये.

व्यवहारात मात्र वर्षानुवर्षे तंटे झाले. चीर किती लांब असली म्हणजे कपडा ‘पुरता फाडलेला’ ठरतो? दोन टाक्यांत सांधता येईल असा स्वेटर चिंधी की कपडा? माल अडवायचा, दंड भरून सोडवायचा, हा क्रम इतका रुळला की दंड म्हणजे आयातीचाच एक खर्च होऊन बसला. गुजरातमधल्या कांडला बंदराच्या विशेष आर्थिक क्षेत्रात तर धडधाकट कपडे बायकांच्या हातून विळ्यांवर कापून घेतले जात. अंगात घालता येणारा कपडा मुद्दाम नासवायचा आणि त्याला पुनर्वापर म्हणायचे, हे मला कधी पटले नाही. इतके करूनही दिल्लीच्या पदपथांवर परदेशी जॅकेटे विकली जायची ती जातच राहिली. आणि आपल्या बोहारणीने भांड्यांवर नेलेला शर्ट? तो न फाडता राजरोस पुन्हा विकला जातो.

दरम्यान पॉलिस्टरच्या मऊ, हलक्या ब्लँकेटांनी शॉडीचे गिऱ्हाईक पळवले. पानिपतमधल्याच अनेकांनी तोच माल काढायला घेतला. २०२३ च्या सुरुवातीपासून दिल्लीच्या राजधानी परिसरातल्या उद्योगांना कोळसा बंद झाला; पानिपत त्याच परिसरात मोडते. उत्पादकाने आपल्या मालाच्या कचऱ्याचीही जबाबदारी घ्यावी, हे तत्त्व २०२२ पर्यंत प्लास्टिक, बॅटऱ्या, टायर यांना लागू झाले. कापड त्या यादीत नव्हते.

आता पेच युरोपातून येतो आहे. तिथे २०२५ पासून जुने कापड वेगळे गोळा करणे युरोपीय संघाच्या सदस्य देशांना बंधनकारक आहे, म्हणजे गाठोडी वाढणार. पण ‘ओईसीडी’ या श्रीमंत देशांच्या गटाबाहेर कचरा पाठवायचा तर मे २०२७ पासून घेणाऱ्या देशाने आधी अर्ज करून यादीत नाव लावलेले हवे. कपडा तिथेच फाडून पाठवला तर तो कचऱ्यात मोडून या अटीत अडकणार. न फाडता पाठवला तर आपल्या बंदरावर तो कपडा ठरून अडणार.