पेड न्यूज: हिशेबात न सापडणारी जाहिरात

महाराष्ट्र विधानसभेसाठी १३ ऑक्टोबर २००९ रोजी मतदान झाले. त्याआधीच्या काही दिवसांत तत्कालीन मुख्यमंत्री अशोक चव्हाण यांची स्तुती करणारा एकच मजकूर एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या तीन मराठी दैनिकांत शब्दशः छापून आला. त्यावर 'जाहिरात' असा शब्द नव्हता. पैसे घेऊन बातमी म्हणून छापलेल्या मजकुराला 'पेड न्यूज' म्हणतात, आणि संशय त्याचाच होता. पत्रकार पी. साईनाथ यांनी असे पानभर मजकूर गोळा केले आणि ते चव्हाण यांच्या भोकर मतदारसंघातील निवडणूक खर्चाच्या हिशेबाशेजारी ठेवले. हिशेबात वृत्तपत्रांतील जाहिरातींपोटी दाखवलेली रक्कम होती ५,३७९ रुपये. ज्याने कधी जाहिरात विभागाचे दरपत्रक पाहिले आहे, त्याला यातील विसंगती समजावून सांगावी लागत नाही. पैसे दिले-घेतल्याचा आरोप चव्हाण यांनी फेटाळला.

तेव्हा महाराष्ट्रात विधानसभेच्या उमेदवाराची खर्चमर्यादा १० लाख रुपये होती. रंगीत जाहिरातींची काही पाने घेतली तरी ती ओलांडली जाई. बातमीच्या रूपात आलेला मजकूर मात्र हिशेबात धरला जात नसे. उमेदवाराचा खर्च लपायचा, आणि वृत्तपत्राला रोख मिळत असेल तर ते उत्पन्नही लपायचे. 'पॅकेज' हा शब्द त्या काळात गावोगाव ऐकू येई: सभेचे वृत्त, मुलाखत, पुरवणीत पान, आणि जास्त मोजले तर विरोधकाच्या बातम्यांना कात्री. यातला शेवटचा भाग मला सगळ्यांत घातक वाटतो, कारण न छापलेली बातमी कोणत्याही कात्रणात सापडत नाही.

हे २००९ मध्ये अचानक उगवले नाही. २००३ मध्ये एका मोठ्या इंग्रजी वृत्तपत्रसमूहाने मनोरंजन पुरवण्यांतील जागा प्रसिद्धीसाठी पैसे घेऊन देण्याची उघड व्यवस्था सुरू केली. पुढे जाहिरातीच्या बदल्यात कंपनीचे समभाग घेण्याचे करार आले. ज्या कंपनीत आपलीच गुंतवणूक आहे, तिच्या घोटाळ्याची बातमी संपादक कशी लावणार? हाच प्रश्न शेअर बाजाराची नियामक संस्था 'सेबी'ने २००९ मध्ये वृत्तपत्रांवर देखरेख ठेवणाऱ्या प्रेस कौन्सिलकडे मांडला. जिल्ह्यात याचे रूप वेगळे होते. तालुक्याच्या वार्ताहराला मानधन तुटपुंजे आणि जाहिरातींवर टक्केवारी. वाढदिवस, वर्धापनदिन, दिवाळी अशा पुरवण्यांचे 'टार्गेट' त्याच्याच डोक्यावर. ज्या पुढाऱ्याकडून पुरवणीची जाहिरात आणायची, त्याच्याच रस्त्याच्या कामाची बातमी त्याने द्यायची. दोष फक्त वार्ताहराच्या माथी मारणे म्हणूनच अन्यायाचे आहे.

पेड न्यूजच्या चौकशीसाठी प्रेस कौन्सिलने परंजॉय गुहा ठाकुरता आणि के. श्रीनिवास रेड्डी यांची उपसमिती नेमली. तिच्या ७१ पानी अहवालात वृत्तसंस्थांची नावे होती. कौन्सिलने २०१० मध्ये त्याऐवजी नावे गाळलेला छोटा अहवाल स्वीकारला. मूळ अहवाल जाहीर व्हायला केंद्रीय माहिती आयोगाचा आदेश लागला, तोही २०११ मध्ये. १९७८ च्या कायद्याने कौन्सिलला ताकीद, समज किंवा निषेध एवढेच करता येते. दंड नाही. आणि वाहिन्या तिच्या कक्षेतच येत नाहीत.

निवडणूक आयोगाने मग खर्चाच्या बाजूने वाट काढली. जिल्हा पातळीवरील माध्यम प्रमाणन व संनियंत्रण समिती संशयित बातमी शोधते. निवडणूक निर्णय अधिकारी प्रसिद्धीपासून ९६ तासांत उमेदवाराला नोटीस देतो, उत्तराला ४८ तास मिळतात. पेड न्यूज ठरली तर सरकारी किंवा प्रचलित जाहिरातदराने तिची किंमत उमेदवाराच्या खर्चात धरली जाते. खुणा ठरलेल्या आहेत: वेगवेगळ्या नावांखाली तोच मजकूर आणि तेच छायाचित्र, एकाच पानावर दोन विरोधी उमेदवारांच्या विजयाची खात्री, समाजाचे सगळे घटक एकाच्याच पाठीशी असल्याचा दावा, आणि त्याला कुणाचाच दुजोरा नाही.

अडते ते पुराव्यापाशी. देणारा बोलत नाही, घेणारा पावती देत नाही. उत्तर प्रदेशातील बिसौलीच्या आमदार उमलेश यादव यांना आयोगाने ऑक्टोबर २०११ मध्ये तीन वर्षांसाठी अपात्र ठरवले. न दाखवलेला खर्च फक्त २१,२५० रुपयांचा होता. पेड न्यूजवरून आमदाराला अपात्र ठरवण्याची ती पहिली वेळ. चव्हाण यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मे २०१४ मध्ये स्पष्ट केले की हिशेब खरा की खोटा हे तपासण्याचा अधिकार आयोगाला आहे. त्या जुलैत आयोगाने हिशेब रीतसर नसल्याचे ठरवून नोटीस दिली, पण सप्टेंबरमध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. मध्य प्रदेशचे नरोत्तम मिश्रा यांनाही आयोगाने २०१७ मध्ये अपात्र ठरवले. पुढच्या वर्षी तोही निर्णय त्याच न्यायालयात टिकला नाही. छापलेला मजकूर समोर असतो, तो छापण्यासाठी उमेदवाराने पैसे दिले किंवा संमती दिली हा दुवा जोडता येत नाही.

आणि हिशेबाच्या या वाटेने पकडला जातो तो उमेदवार. बातमी विकणारा तिच्या टप्प्यातच येत नाही. विधी आयोगाने मार्च २०१५ च्या २५५ व्या अहवालात पेड न्यूजची व्याख्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात घालावी आणि देणारा व घेणारा दोघांनाही शिक्षा असावी, असे सुचवले. ती दुरुस्ती झालेली नाही.