जुन्या टीव्ही संचांतील दोषनिदान

पिक्चर ट्यूबच्या जुन्या दूरचित्रवाणी संचात कोणता भाग निकामी झाला किंवा वयाने थकला, हे पडद्यावरच्या खुणा, आवाज आणि मोजमाप यांवरून ओळखण्याची पद्धत. मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले, रंगीत प्रक्षेपण १९८२ मध्ये आले. त्या काळचे कृष्णधवल आणि रंगीत संच अजूनही काही घरांत जपलेले आहेत.

बरीच वर्षे बंद असलेला संच थेट २३० व्होल्टवर लावू नये. आधी १०० वॅटचा साधा पिवळा (फिलामेंटचा) बल्ब सिरीजमध्ये, म्हणजे संचाकडे जाणाऱ्या एका तारेच्या मधोमध, घ्यावा. बल्ब क्षणभर उजळून मंदावला तर ठीक. झगझगीत पेटून राहिला तर डायोड, फिल्टर कंडेन्सर (सप्लाय सपाट करणारा) किंवा लाइन आउटपुट ट्रान्झिस्टर (चित्राच्या आडव्या ओळी चालवणारा) शॉर्ट असण्याचा संभव मोठा. रंगीत संचाची डिगॉसिंग कॉइल (ट्यूबवरील चुंबकत्व घालवणारी) या चाचणीपुरती काढून ठेवावी, कारण तीही सुरुवातीला बराच प्रवाह खेचते. अनेक संचांची चासी (आतला धातूचा सांगाडा) थेट मेन्सला जोडलेली असते, त्यामुळे आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरशिवाय (संच मेन्सपासून वेगळा ठेवणारा) मोजमाप करू नये.

सर्वांत आधी थकतो तो इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर. आतला द्रव वाळतो, क्षमता घटते, अंतर्गत रोध वाढतो. तापमान १० अंशांनी वाढले की त्याचे आयुष्य साधारण निम्मे होते, म्हणून हीटसिंकला खेटून बसलेला कंडेन्सर पहिला संशयित. न फुगलेलाही आतून कोरडा असू शकतो. मुख्य फिल्टर गेला की चित्रावर काळसर आडवे पट्टे येतात आणि आवाजात घरघर येते: हाफ-वेव्ह सप्लायमध्ये (एकाच डायोडचा) एक पट्टा, ब्रिज (चार डायोडचा) असेल तर दोन. सगळे कंडेन्सर एकदम बदलणे मात्र टाळावे. एखादा उलटा बसला तर मूळ दोष आणि नवा दोष वेगळे करता येत नाहीत.

पडद्याच्या मधोमध एकच लखलखीत आडवी रेघ उरली तर व्हर्टिकल विभाग, म्हणजे चित्र वर-खाली पसरवणारा भाग, बंद पडला आहे. ब्राइटनेस लगेच कमी करावा, नाहीतर तिथला फॉस्फर (पडद्याचा चमकणारा लेप) कायमचा जळतो. या विभागाची आयसी (चिप) बदलण्याआधी तिच्या पायांचे आणि योकच्या (ट्यूबच्या मानेवरील किरण वळवणारी कॉइल) कनेक्टरचे टाके, म्हणजे सोल्डरचे जोड, भिंगाखाली पाहावेत. पायाभोवती केसाएवढी गोल चीर दिसते. प्लास्टिकच्या काडीने पॅनेल हलकेच ठोकले की चित्र क्षणभर उघडते. हा ड्राय सोल्डर, म्हणजे सुटलेला टाका. जुने सोल्डर काढून, पाय घासून नवे भरावे.

लाइन विभागात बीयू२०८डी ट्रान्झिस्टरच्या बेस-एमिटरमध्ये मुळातच कमी रोध असतो. तो शॉर्ट समजून चांगला ट्रान्झिस्टर फेकला जातो. नवा ट्रान्झिस्टर पुन्हा उडत असेल तर कलेक्टरवरचा ट्यूनिंग कंडेन्सर तपासावा. त्याची क्षमता घटली की फ्लायबॅक पल्स (प्रत्येक ओळीच्या शेवटी येणारा व्होल्टेजचा झटका) आणि ईएचटी (ट्यूबला लागणारे अतिउच्च व्होल्टेज) दोन्ही वाढतात. बदलताना मायक्रोफॅरड आणि व्होल्ट (बहुधा १६०० किंवा २०००) तंतोतंत जुळवावेत.

थकलेल्या ट्यूबवर चित्र उशिरा येते आणि ब्राइटनेस वाढवला की उजळ भाग चंदेरी होऊन पसरतात. तरी ट्यूब बाद ठरवण्याआधी तिच्या हीटरच्या (आतून तापवणारी तार) पिनांचे टाके पाहावेत.

पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, दमट हवेमुळे ॲनोड टोपीभोवती (ट्यूबवर अतिउच्च व्होल्टेज जोडणारी रबरी टोपी) सरसर आवाज आणि ओझोनचा वास येतो. संच बंद करून, प्लग काढून, ॲनोड ट्यूबच्या बाहेरील काळ्या लेपावरच्या तारेशी डिस्चार्ज करावा. थोड्या वेळाने पुन्हा करावा, कारण काही भार परत साठतो. मगच टोपी आणि काच आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून पूर्ण वाळू द्यावी.