ड्रेसिंगला येणाऱ्यांसाठी : खपली नखानं काढू नका

सोयाबीन काढणी लागली की आमच्या सेंटरवर विळा लागलेली बोटं रोज येतात. पहिलं ड्रेसिंग नीट होतं, अन् तिसऱ्या दिवशी मामा रक्ताळलेला फडका गुंडाळून परत हजर, "घरीच पट्टी ओढून काढली, खपली बी निघाली, चांगलं साफ झालं." साफ न्हाई झालं मामा, भरत आलेली जखम उघडी पडली.

खपली म्हणजे नुसतं वाळलेलं रक्त न्हाई. लिव्हर फायब्रिनोजेन नावाचं प्रोटीन बनवतं, ते रक्तात विरघळून फिरत असतं, 100 मिलीत साधारण 200 ते 400 मिलिग्रॅम, आणि जखम झाली की थ्रॉम्बिन नावाचं एन्झाइम त्याचे बारके तुकडे छाटतं मग उरलेल्याचे धागे जुळून जाळी बनते, तेच फायब्रिन. जाळीनं रक्त थांबतं हे तुम्हाला माहीतच हाय. पण पांढऱ्या पेशी पण हीच जाळी धरून जखमेत सरकतात, त्यांच्या अंगावर ह्या प्रोटीनला पकडायचे हूकच असतात अन् पकडलं की पेशी कामाला लागते. पहिले एक-दोन दिवस न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी जंतू खातात, मागून मॅक्रोफेज नावाच्या दुसऱ्या पांढऱ्या पेशी येतात, ते मेलेलं सगळं उचलतात आणि नवीन मांस भरायचा निरोप देतात. लॅबमध्ये असंही दिसलंय की सुटं फायब्रिनोजेन मॅक्रोफेजला भडकवतं, तेच जाळी होऊन बसलं की त्यांना शांत ठेवतं. आता खपलीबरोबर ही जाळी ओढली तर ताजं रक्त, परत सूज, सगळं पहिल्यापासून.

म्हणून आम्ही चिकटलेल्या गॉजवर, म्हणजे जखमेवरच्या पट्टीवर, सलाईन (मिठाचं पाणी) टाकून दहा मिनिटं बसवतो. लोक म्हणतात वेळ घालवायलेत. पण कडा भिजून आपोआप सुटते, खाली गुलाबी ओलं मांस दिसतं, एक थेंब रक्त येत न्हाई, हे बघितलेलं गिऱ्हाईक परत घाई करत न्हाई.

खपलीखाली पू, वास, ठणका असला किंवा शुगर असलेल्यांच्या पायाची जखम असली तर मात्र खपली तशीच ठेवून बसायचं न्हाई, लगेच डॉक्टरांना दाखवा. विळा लागला असंल तर धनुर्वाताच्या इंजेक्शनचं पण विचारा.

घरीच पट्टी बदलायची असंल तर पॅराफिन गॉज (मेणचट पॅराफिन लावलेली पट्टी) न्या, साध्यापेक्षा महाग पडते पण चिकटत न्हाई. कशी बदलायची ते काउंटरवर एकदा करून दाखवतो, त्याचे पैसे घेत न्हाई.