शँपेनच्या खुणा आणि पोर्सेलिनचा पेनकप: पार्श्वभूमी

टेबलावर पेनं ठेवायचा एक पांढरा कप. उंची १० सेंटिमीटरच्या आसपास, कान नाही. बुडाकडून वर विरळ होत जाणारे उठावाचे ठिपके, म्हणजे बुडबुडे, गळ्याशी पिळलेल्या तारेचा वेढा, काठाला सोनेरी रेघ. शँपेनची बाटली डोळ्यांसमोर ठेवून केलेली ही नक्षी आहे, पण या कपातून कोणी काही पीत नाही. त्यात पेनं, पेन्सिली, पट्टी आणि कात्री. निरोप समारंभाला किंवा नव्या कार्यालयाला भेट म्हणून ही वस्तू चांगली दिसते आणि विदर्भातल्या लहान कार्यशाळेतही ती बनवता येते. बनवणाऱ्याने मात्र त्यावरची खूण न् खूण कुठून आली हे समजून घ्यावं. यातली जवळजवळ प्रत्येक गोष्ट आधी कामाची होती; शोभेची नंतर झाली.

आकार चीनकडून आला. तिथल्या लिहिणाऱ्या-वाचणाऱ्यांच्या मेजावर कुंचले उभे ठेवायला 'बितोंग' असे. लाकडाचा, बांबूचा आणि सतराव्या शतकात जिंगदेझेनच्या भट्ट्यांतला पोर्सेलिनचाही. सरळ भिंती, रुंद तोंड, जड बूड. लांब कुंचले एका बाजूला कलंडले तरी भांडं आडवं होऊ नये, एवढाच त्यामागचा हिशेब. पेनकपाला तोच हिशेब आजही लागू आहे. साधं बॉलपेन १४-१५ सेंटिमीटरचं असतं, म्हणून कप ९ ते १० सेंटिमीटर उंच आणि आतून निदान ७ सेंटिमीटर रुंद हवा. तोंडापेक्षा बूड अरुंद केलं की कप देखणा दिसतो आणि पहिल्याच धक्क्याला पडतो.

पोर्सेलिनचं मूळही तिथलंच. काओलिन ही पांढरी, लोह जवळजवळ नसलेली माती आणि तिच्या जोडीला वितळून काच होणारा दगड, या दोघांच्या मेळातून ते बनतं. युरोपला हा मेळ शतकानुशतकं सापडत नव्हता. जर्मनीतल्या सॅक्सनीत चिर्नहाउस आणि ब्योटगर यांनी १७०८ मध्ये पांढरं, कठीण पोर्सेलिन साधलं आणि १७१० मध्ये माइसनचा कारखाना उभा राहिला. फ्रान्सला काओलिनचा साठा मिळाला तो लिमोजजवळ, १७६८ मध्ये. तोवर व्हँसेनचा आणि १७५६ नंतर सेव्हरला हललेला कारखाना काओलिनशिवायच्या मऊ मिश्रणावर काम करत होता. ते दिसायला सुंदर, पण भट्टीत हटकून वाकणारं. कठीण पोर्सेलिनचं ढोबळ प्रमाण असं: काओलिन ५० टक्के, फेल्डस्पार (तोच वितळणारा दगड) २५, क्वार्ट्झ (गारगोटी) २५. पहिली भाजणी ९००-१००० अंशांवर, दुसरी थेट १४०० अंशांच्या आसपास.

नेमक्या याच काळात फेसाळती वाइनही ताब्यात येत होती. थंडीत आंबणं थांबायचं, उन्हाळा लागला की बाटलीत पुन्हा सुरू व्हायचं आणि आत कार्बन डायऑक्साइड कोंडला जायचा. शँपेन प्रांतातल्या लोकांना हा दोष वाटे. ओव्हिलेरच्या मठात १६६८ पासून तळघर सांभाळणारे दों पेरिन्यों यांनी बुडबुडे शोधून काढले असं सर्रास सांगितलं जातं. प्रत्यक्षात ते बुडबुडे टाळण्यासाठीच झटत होते. साखर घालून वाइन मुद्दाम फेसाळ करण्याची लेखी नोंद ख्रिस्तोफर मेरेट यांनी लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे १६६२ मध्ये ठेवली होती. इंग्लंडला हे परवडलं ते बाटल्यांमुळे. १६१५ मध्ये काचभट्ट्यांत लाकूड जाळायला तिथे राजाज्ञेने बंदी आली, काचवाले दगडी कोळशाकडे वळले आणि जास्त तापलेल्या भट्टीतून जाड, दणकट काच निघाली. पाच-सहा वातावरणांचा, म्हणजे बाहेरच्या हवेच्या पाच-सहा पट, दाब पेलायला ती लागतेच. फ्रान्समध्ये १७२८ च्या राजाज्ञेनंतर वाइन पिंपांऐवजी बाटल्यांतून पाठवता येऊ लागली. फुटणं मात्र चालूच होतं. तळघरात कामगार तोंडावर लोखंडी जाळी बांधून वावरत, कारण एक बाटली फुटली की शेजारच्याही उडत. १८३० च्या दशकात शालोंच्या एका औषधविक्रेत्याने साखर मोजून घालायची पद्धत बसवली. लिटरला सुमारे ४ ग्रॅम साखरेने एक वातावरण दाब वाढतो, हे कळलं तेव्हा हा धोका आटोक्यात आला.

कपाच्या गळ्यावरची तार या दाबापायीच जन्मली. आधी बूच सुतळीने बांधत. सुतळी तळघराच्या ओलीत कुजायची, उंदीर कुरतडायचे. १८४४ मध्ये आदोल्फ जाकसों यांनी तारेच्या पिंजऱ्याचं आणि बुचावरच्या धातूच्या टोपीचं पेटंट घेतलं. टोपी नसेल तर तार बुचात रुतते. ती असली की दाब सगळीकडे सारखा वाटला जातो. आजच्या पिंजऱ्याला चार पाय असतात आणि तो सोडवायला साधारण सहा अर्धे पीळ उलटे द्यावे लागतात. पोर्सेलिनवर ही तार काढताना पाय चारच दाखवावेत आणि पिळाचा फास एका बाजूला घ्यावा. तीन पायांची किंवा फास नसलेली तार जाणत्याला लगेच खटकते.

आता प्रश्न असा की वाइन काचेत आणि कप पोर्सेलिनचा, मग या दोन वस्तू एकत्र आल्या कुठे? अठराव्या शतकातल्या फ्रेंच जेवणाच्या टेबलावर. व्हँसेन आणि सेव्हरला बाटली गार ठेवायचे पोर्सेलिनचे डबे बनत. पेले थंड करायची लहान भांडीही बनत, आणि काही लांबट भांड्यांचा काठ दातेरी ठेवत, म्हणजे पेल्याचा दांडा खाचेत अडकवून पेला बर्फाच्या पाण्यात उलटा लोंबकळत ठेवता यायचा. वाइनच्या शेजारी राहणारी, पण वाइन कधीच आत न घेणारी ही भांडी. आपल्या पेनकपाचे खरे पूर्वज तेच आहेत, आणि नक्षी सुचत नसेल तर बाटलीपेक्षा त्यांच्याकडे बघावं. फ्रान्सची राणी मारी आंत्वानेत हिच्या अंगावरून शँपेनचा पसरट पेला घडवला ही कथा मात्र सोडून द्यावी. सेव्हरने तिच्या रांबुइयेच्या दुग्धगृहासाठी स्तनाकृती वाटी बनवली होती हे खरं. ती दुधाची होती, शँपेनची नव्हे.

सोनेरी काठाची हकिगत थोडक्यात. आधी सोन्याची पूड मधात घोटून लावत, भाजत आणि मग अगेट दगडाने चकाकी आणत. माइसनला १८३० च्या सुमारास द्रवरूप सोनं तयार झालं, ते भट्टीतून थेट चकाकतच बाहेर येतं. आजही तेच वापरतात. या द्रवाच्या बाटलीत सोनं साधारण ८ ते १२ टक्के, बाकी राळ आणि तेलं.

हे सगळं आपल्याकडे उतरवायचं तर पहिला अडसर मातीचा. चंद्रपूर भागात कोळशाच्या थरांसोबत फायरक्ले, म्हणजे जास्त उष्णता सोसणारी माती, मिळते. भद्रावतीचा ग्रामोदय संघ तर कुंभारकामाचं प्रशिक्षण देणारी जुनी संस्था, त्यामुळे माती जाणणारे हात इथे आहेत. पण फायरक्लेतल्या लोह आणि टायटॅनियममुळे भांडं पिवळट किंवा करडं भाजतं. लोणच्याच्या बरणीला ते चालतं. ती स्टोनवेअर, म्हणजे दगडासारखी टणक पण पांढरी नसलेली, असते. पोर्सेलिनला चालत नाही. म्हणून खुर्जा किंवा गुजरातकडून तयार पोर्सेलिन माती मागवावी आणि १२५०-१२८० अंशांना पिकणारी घ्यावी. १४०० अंशांची भट्टी गावात चालवणं परवडत नाही, आणि कप शोभेचा असल्याने त्याची गरजही नाही.

दुसरा अडसर पाण्याचा, आणि तो अनेकांच्या लक्षात येत नाही. साच्यात ओतायच्या मातीच्या घोळाला १० किलो कोरडी माती, ४ लिटर पाणी आणि घोळ वाहता ठेवायला ३० ग्रॅम सोडियम सिलिकेट लागतं. एक लिटर घोळ १७५० ते १८०० ग्रॅम भरला पाहिजे. अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यातलं बोअरचं पाणी वापरलं की त्यातले क्षार सिलिकेटचं काम उलटवतात. घोळ दह्यासारखा थिजतो, माणूस आणखी पाणी घालतो, आणि मग कप साच्यातच तडकतो. पावसाचं साठवलेलं किंवा आरओचं पाणी घ्यावं. घोळ ८० ते १०० मेशच्या (इंचाला तितकी भोकं असलेल्या) चाळणीतून गाळून रात्रभर ठेवावा आणि साच्याच्या कडेने, धार न तोडता ओतावा. बाहेर आपण हौसेने बुडबुडे काढतो. घोळातला हवेचा एक बुडबुडा मात्र ग्लेझमध्ये, म्हणजे वरच्या काचेसारख्या थरात, टाचणीएवढं भोक पाडतो.

माती वाळताना आणि भाजताना मिळून सुमारे १४ टक्के आकसते. तयार कप १०० मिलिमीटर हवा असेल तर मूळ नमुना ११६ मिलिमीटरचा घ्यावा. साच्याला एक लिटर पाण्यात १.४ किलो प्लास्टर. तारेच्या उठावामुळे साचा दोन भागांत सुटत नाही, तीन भाग आणि बूड वेगळं करावं लागतं. जोडाची रेघ तारेच्या पायावरून घेतली तर नंतर घासायला सोपी जाते. उठाव निदान दीड मिलिमीटर ठेवावा, नाहीतर ग्लेझ भरून ठिपके पुसट होतात. चार मिलिमीटर भिंतीसाठी घोळ १० ते १५ मिनिटं साच्यात ठेवायचा. त्याच दिवशी दुसऱ्यांदा ओतताना साचा ओला असल्याने वेळ वाढतो. बूड जड हवं म्हणून थोडा घोळ तळाशी राहू द्यावा, पण दोन मिलिमीटरपेक्षा जाड थर नको. बूड आणि भिंत वेगवेगळ्या गतीने आकसली की सांध्यावर गोल चीर जाते.

मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला की खरी परीक्षा. साचे टिनाखाली किंवा टिनावर वाळत घालू नयेत. ५० अंशांपुढे प्लास्टर भुसभुशीत होऊ लागतं. साच्यातून काढलेला कप कूलरच्या थेट झोतात ठेवला तर एकच बाजू आधी वाळते आणि तोंड लंबगोल होतं. कूलर चालू असलेल्या खोलीत, पण झोताबाहेर, कप पालथे ठेवून वर प्लास्टिकची पन्नी झाकावी. दोन दिवस लागले तरी लागू द्यावेत. पावसाळ्यात उलट. तेव्हा कप वरून कोरडा वाटतो आणि आत ओल राहते; पहिल्या भाजणीत १०० अंशांजवळ घाई केली की बूड फुटून उडतं. भट्टीत ग्लेझचा कप चिकटू नये म्हणून बुडाचं २-३ मिलिमीटर कडं ओल्या स्पंजने पुसून घ्यावं.

सोनं शेवटी, तिसऱ्या भाजणीत, ७८० ते ८२० अंशांवर. त्याआधी कप स्पिरिटने पुसावा, कारण बोटाचा तेलकट ठसा सोन्यातून जन्मभर दिसतो. थर पातळ झाला तर जांभळट उतरतो, जाड झाला तर खपली धरतो. ५०० अंशांपर्यंत भट्टीचं भोक उघडं ठेवावं; राळेचा धूर कोंडला की सोनं मंद पडतं.

नक्षीबद्दल एक सूचना विदर्भापुरती. वर्धा आणि गडचिरोली हे दारूबंदीचे जिल्हे आहेत, गडचिरोलीत ती १९९३ पासून आहे. चंद्रपुरात २०१५ ते २०२१ होती. गडचिरोलीची बंदी गावोगावच्या बायकांनी लढून मिळवलेली आहे. तिथे शाळेत किंवा ग्रामपंचायतीत द्यायच्या कपावर बाटली, पेला किंवा कुठल्या वाइनचं नाव काढू नये. ठिपके, तार आणि सोनेरी काठ एवढ्यावर कप पूर्ण होतो, आणि तोच प्रकार जास्त चांगला दिसतो असं आमचं मत आहे.

वापरणाऱ्यासाठी इतकंच: सोनं ग्लेझच्या वर असतं, आत नाही. राख, चिंच, घासायची पावडर किंवा तारेची घासणी लावली की काही दिवसांत काठ पांढरा पडतो. कोमट पाणी, साधा साबण आणि मऊ फडकं. शाईचे डाग आत पडलेच तर ओल्या खाण्याच्या सोड्याने बोटानेच पुसावेत, काठापासून दोन बोटं खाली.