फायबरच्या पोटातलं कुजकं लाकूड

रत्नागिरीजवळच्या एका गावात माझ्या मावसभावाची फायबरची होडी आहे. गेल्या दिवाळीनंतर तिच्या पुढच्या खणाच्या झाकणावर पाय ठेवला, तर ते पायाखाली किंचित दबलं. वरून पाहावं तर काहीच नाही. पांढरा जेलकोट, म्हणजे फायबरवरचा गुळगुळीत थर, शाबूत, कुठे चीर नाही. भाऊ म्हणाला, "वरनं एक मॅट मारून टाकू, झालं." मॅट म्हणजे काचेच्या तंतूंची चटई. तेवढ्यात बिजागरीचा एक स्क्रू नुसत्या बोटांनी फिरला आणि वर आला. त्याच्यामागून कोऱ्या चहासारखं पाणी झिरपलं. त्या भोकात ड्रिल घातलं, तर भुशाऐवजी ओला, काळपट चोथा बाहेर आला.

फायबर कुजत नाही, असं बंदरावर सगळेच म्हणतात आणि ते खरं आहे. फायबर म्हणजे काचेचे तंतू. काच कुजत नाही, काचेला धरून ठेवणारं रेझिन, म्हणजे ओतल्यावर घट्ट होणारा चिकट द्रव, तेही कुजत नाही. पण झाकण निव्वळ फायबरचं नसतं. आमच्या झाकणात वर आणि खाली तीन-तीन मिलिमीटर फायबर होतं आणि मध्ये बारा मिलिमीटरचा प्लाय. याला कारण आहे. एखाद्या पत्र्याची किंवा फळीची जाडी दुप्पट केली, तर तिचा ताठरपणा दुप्पट नव्हे, आठपट होतो. सगळी जाडी फायबरने भरायची तर झाकण जड होईल आणि खर्चही वाढेल. म्हणून दोन पातळ थर एकमेकांपासून लांब ठेवायचे आणि मध्ये हलकं काहीतरी भरायचं. खोक्याचा पुठ्ठा असाच असतो: दोन साधे कागद, मध्ये नागमोडी कागद, आणि त्यावर पाच किलो आंबे राहतात.

झाकणावर माणूस उभा राहिला की वरचा थर दाबला जातो आणि खालचा ताणला जातो. दोघांनी एकमेकांवरून सरकू नये, हे काम मधल्या लाकडाचं. लाकडाचा चोथा झाला की उरतात फक्त दोन सुटे पातळ पापुद्रे. झाकण दबतं ते त्यामुळे. वरचं फायबर कमजोर झालेलं नसतं, म्हणून त्यावर आणखी मॅट मारून हा दोष जात नाही.

आता लाकूड कुजतं म्हणजे काय होतं? पाण्याने लाकूड कुजत नाही, बुरशीने कुजतं. लाकडातला ओलावा त्याच्या कोरड्या वजनाच्या २० टक्क्यांखाली असेल तर बुरशी वाढत नाही. तो ३० टक्क्यांच्या आसपास गेला, की पेशींच्या भिंती पाण्याने पुरत्या भरतात आणि बुरशीला रान मोकळं मिळतं. तपकिरी कूज करणाऱ्या बुरशीची रीत तर थक्क करणारी आहे. लाकूड पचवणारी तिची विकरं (एन्झाइम) आकाराने इतकी मोठी असतात, की लाकडाच्या पेशीभिंतीत शिरू शकत नाहीत. म्हणून ती आधी छोटे रेणू पुढे पाठवते. हायड्रोजन पेरॉक्साइड आणि लोह एकत्र आले की अतिशय आक्रमक कण तयार होतात आणि ते सेल्युलोजच्या लांब साखळ्या जागोजागी तोडतात. लाकडाची ताकद त्या साखळ्यांतच असते. त्यामुळे लाकडाचं वजन जेमतेम दहा टक्के घटतं, तोवर ताकद निम्म्याहून खाली आलेली असते. मागे उरतं मुख्यतः लिग्निन, म्हणजे लाकडाच्या तंतूंना बांधून ठेवणारा घटक: तपकिरी, आडव्या-उभ्या भेगा पडलेलं, बोटाने चुरडेल असं.

बुरशीला हवा लागते, ऊब लागते आणि गोडं पाणी लागतं. खारं पाणी तिला मानवत नाही. अमेरिकेत एकोणिसाव्या शतकात लाकडी जहाजं बांधताना सांगाड्याच्या फटींमध्ये जाडं मीठ भरत, ते याचसाठी. म्हणजे समुद्रात रोज भिजणाऱ्या होडीचा हा शत्रू समुद्रातून येत नाही, आभाळातून येतो. कोकणात पावसाळ्यात ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. १ जूनपासून मासेमारी बंद होते, नौका वर ओढून प्लॅस्टिक आणि झापांनी शाकारल्या जातात. शाकारणीच्या आत हवा खेळत नाही. प्लॅस्टिकला एक भोक पडलं, तरी एकाच झाकणावर दोन महिने थेंब थेंब गोडं पाणी पडत राहतं. आमच्या होडीचं तेच झालं होतं.

आणि पाणी आत जातं ते स्क्रूच्या भोकातून. फायबरला भोक पाडलं की प्लायच्या कापलेल्या कडा उघड्या पडतात. लाकडाच्या नळ्या रेषेच्या दिशेने पाणी ओढतात, आणि प्लायमध्ये एक थर उभा, एक आडवा असल्यामुळे पाणी दोन्हीकडे धावतं. युरोप-अमेरिकेतल्या शिडाच्या बोटींत प्लायऐवजी इक्वेडोरचं बाल्सा लाकूड घालतात, तेही रेषा उभ्या राहतील असे ठोकळे कापून. त्यात पाणी शिरलं तरी बाजूला पसरायला वेळ लागतो. "आपला ७१० मरीन प्लाय आहे, त्याला काय होतंय" असं मला अनेकांनी सांगितलं आहे. आयएस ७१० या भारतीय मानकाचा प्लाय चांगलाच असतो. त्याच्या नमुन्याला बहात्तर तास उकळून तपासतात. पण उकळण्यात पारख होते ती डिंकाची. थर सुटणार नाहीत, एवढीच ती हमी. वर्षानुवर्षं ओल्या राहिलेल्या लाकडाची हमी कुणीच देत नाही.

कूज कुठवर पसरली, हे कळायला महागडं यंत्र लागत नाही. माठ घेताना वाजवून बघतो तसं स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने झाकण इंचाइंचावर ठोकायचं. निरोगी जागा टणक वाजते, कुजलेली बद्द. आम्ही बद्द जागेभोवती पेन्सिलने रेघ ओढत गेलो, तर बिजागरीपासून कडीपर्यंत निम्मं झाकण रेघेच्या आत आलं. मग मासळी तोलायच्या काट्यावर ते ठेवलं. मापावरून सहा किलोच्या आसपास भरायला हवं होतं, भरलं साडेआठ. अडीच लिटरच्या आसपास पाणी त्याच्या पोटात बसलं होतं. या अवस्थेत वरून मॅट मारणं म्हणजे बुरशीला घर बांधून देणं. भोकं पाडून आत पातळ रेझिन ओतायचा सल्लाही मिळतो. ओल्या लाकडात रेझिन मुरत नाही, आणि तुटलेल्या साखळ्या त्याने जुळत नाहीत. मी तो मार्ग कुणालाही सुचवणार नाही.

खरी दुरुस्ती खालून करायची. झाकण उलटं करून सपाट टेबलावर ठेवलं, कडेने दोन इंच सोडले आणि ग्राइंडरने फक्त खालचं फायबर कापून काढलं. वरची खडबडीत, पाय न घसरणारी बाजू तशीच राहिली. मास्क आणि हातमोजे हवेतच. आतला प्लाय पटाशीने खरवडला, कडेच्या फायबरखालचाही. मग झाकण सावलीत, वाऱ्यावर वाळत टाकलं आणि रोज संध्याकाळी काट्यावर ठेवलं. सलग तीन दिवस वजन हललं नाही, तेव्हा पुढचं काम.

इथे रेझिनचा प्रश्न येतो. गावोगावी फायबरचं काम पॉलिएस्टर रेझिनवर चालतं, कारण ते स्वस्त आहे. (ते घट्ट व्हावं म्हणून घालायचं कोबाल्ट आणि हार्डनर कधीही थेट एकमेकांत ओतू नका, स्फोट होतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये नीट ढवळायचं.) पण पॉलिएस्टर घट्ट होताना बरंच आकसतं आणि लाकडाला त्याची पकड कमी. एपॉक्सी हे दुसरं रेझिन फारच कमी आकसतं आणि लाकडाच्या रंध्रांत शिरून बसतं. लाकूड आणि एपॉक्सी यांची सांगड घालून होड्या बांधायचं काम मिशिगनमधल्या बे सिटीच्या गुजन बंधूंनी १९६९ पासून पुढे नेलं, आणि आजच्या बहुतेक दुरुस्तीच्या रीती त्याच वाटेने आल्या आहेत. खर्च जास्त आहे, तरी लाकडाला जिथे हात लागतो तिथे मी एपॉक्सीच वापरेन. त्याच्याबरोबर साधी मॅट मात्र नको. त्या मॅटचे तंतू ज्या डिंकाने धरलेले असतात, तो पॉलिएस्टरमधल्या स्टायरीन या द्रावकात विरघळतो, एपॉक्सीत नाही. विणलेलं काचेचं कापड घ्यायचं.

नवा प्लाय कापून त्याच्या कडांना आम्ही एपॉक्सी पाजलं. पाजलंच म्हणायचं, कारण पहिला हात पाहता पाहता नाहीसा झाला, दुसराही. तिसऱ्याला कडा चकाकत राहिल्या. हे काम संध्याकाळी करावं. सकाळी लावलं तर ऊन वाढेल तशी लाकडातली हवा फुगते आणि बुडबुडे काढत बाहेर येते. संध्याकाळी लाकूड निवत जातं, हवा आकसते आणि एपॉक्सी आत ओढलं जातं. कालवलेलं एपॉक्सी खोल मगमध्ये ठेवलं तर आतली उष्णता बाहेर पडत नाही. दहा अंशांनी तापमान वाढलं की क्रियेचा वेग साधारण दुप्पट होतो, त्याने आणखी उष्णता, आणि बघता बघता मगमधून धूर. पसरट ताटलीत ओतलं की निवांत वेळ मिळतो.

वरच्या थराच्या आतल्या बाजूला आधी पातळ हात, मग सिलिकाची पूड घालून श्रीखंडाइतकं घट्ट केलेलं एपॉक्सी. त्यावर प्लाय, प्लॅस्टिकचा कागद आणि वाळूच्या पिशव्या. प्लायला आधीच बारीक भोकं पाडली होती. त्यांतून एपॉक्सीचे मणी वर आले, तेव्हा खाली हवा अडकलेली नाही हे कळलं. दुसऱ्या दिवशी जुन्या फायबरची कड उतरती घासली. जाडीच्या बारापट, म्हणजे तीन मिलिमीटरला साडेतीन सेंटिमीटरहून थोडा जास्त उतार. जुनं रेझिन नव्यात विरघळून एक होत नाही, नवं त्याला नुसतं चिकटतं, म्हणून चिकटायला जागा भरपूर लागते. वर कापडाचे थर. दमट हवेत एपॉक्सीवर मेणचट साय येते. ती साध्या पाण्याने घासून धुतली, मगच पॉलिश पेपर आणि रंग. रंग हवाच, कारण एपॉक्सी उन्हात टिकत नाही.

राहिली बिजागरी, जिथून सगळं सुरू झालं. पाच मिलिमीटरच्या स्क्रूसाठी बारा मिलिमीटरचं भोक पाडलं, वरचं फायबर आणि प्लाय पार करून. खालचा थर शाबूत ठेवला. भोकाच्या भिंतींना पातळ एपॉक्सी, मग घट्ट एपॉक्सी गच्च भरलं. चोवीस तासांनी त्या बुचाच्या मधोमध ड्रिल धरलं. पात्यावर पांढुरका, कोरडा किस चढत आला. त्यात तपकिरी काहीही नव्हतं. भावाने तो चिमटीत चुरून पाहिला, स्क्रू घट्ट आवळला आणि मागच्या खणाचं झाकण ठोकायला गेला.