जलद चार्जिंगची इलेक्ट्रोड-द्रव्ये
लिथियम-आयन बॅटरी चार्ज होताना लिथियमचे आयन धन इलेक्ट्रोडमधून सुटतात आणि ऋण इलेक्ट्रोडच्या द्रव्यात शिरतात. चार्जिंगच्या वेगाची खरी अडवणूक बहुधा ऋण बाजूला होते. टिकाऊपणाचा निकालही बराचसा तिथेच लागतो.

तिथले रूढ द्रव्य ग्राफाइट. बेळगावच्या उद्यमबागेतल्या फाउंड्रीवाल्यांना ते नव्याने सांगायला नको: ग्रे आयर्न या ओतीव लोखंडात ते पापुद्र्यांच्या रूपात असते, एसजी आयर्न या दुसऱ्या प्रकारात मॅग्नेशियममुळे त्याच्या गोळ्या बनतात. बॅटरीतही आकाराला महत्त्व आहे, कारण मात्र वेगळे. आयन ग्राफाइटच्या थरांत कडेनेच शिरतात. ग्राफाइटचा लेप ज्यावर दिलेला असतो त्या तांब्याच्या पातळ पत्र्यावर पापुद्रे आडवे पडले, की आयनांना वळसे घालत जावे लागते. म्हणून नैसर्गिक ग्राफाइट यंत्रात घोटून गोलसर करतात.

ग्राफाइटची सैद्धांतिक धारकता, म्हणजे त्यात मावणारा विद्युतभार, ग्रॅममागे ३७२ मिलिअँपिअर-तास आहे. पण भरत आलेल्या ग्राफाइटचे विभव (विद्युत पातळी) लिथियम धातूपेक्षा जेमतेम ०.१ व्होल्टने वर असते. घाईने चार्ज केल्यास आयन आत जाण्याऐवजी पृष्ठभागावरच धातू होऊन बसतात. त्यातले काही लिथियम कायमचे वाया जाते. धातूचे काटे वाढले तर आतल्या आत शॉर्टसर्किटही होते. थंडीत आयनांची चाल मंदावते आणि हा धोका वाढतो. डिसेंबरच्या पहाटे खानापूरकडे स्कूटर चार्ज व्हायला जास्त वेळ लागला, तर तो बिघाडच असेल असे नाही. बॅटरीचे नियंत्रक सर्किट मुद्दाम हात आखडता घेत असू शकते.

ऋण बाजूला ग्राफाइटऐवजी लिथियम टायटेनेट वापरणे हा या अडचणीवरचा जुना उतारा. त्याचे विभव सुमारे १.५५ व्होल्ट, त्यामुळे धातू साचत नाही. आयन आत-बाहेर करताना त्याचे आकारमान जवळपास बदलत नाही आणि बॅटरी चार्ज-डिस्चार्जची हजारो चक्रे टिकते. मात्र धारकता १७५च, सेलचा व्होल्टेजही कमी. म्हणजे तेवढ्याच ऊर्जेला जड आणि महाग बॅटरी. ठरलेल्या मार्गावर धावून थांब्यावर चार्ज होणाऱ्या सिटी बसला हे परवडू शकते. रात्रभर घरी चार्जिंगला लावायच्या स्कूटरसाठी त्यावर पैसे घालण्यात अर्थ नाही.

ऋण बाजूचे आणखी दोन पर्याय आहेत. टायटॅनियम-नायोबियम ऑक्साइडची सैद्धांतिक धारकता ३८७ आहे, पण नायोबियम मुख्यतः ब्राझीलमधून येते. सिलिकॉन पुष्कळ लिथियम घेते, मात्र फुगून भेगाळते.

धन बाजूला १९९७ साली अमेरिकी शास्त्रज्ञ जॉन गुडइनफ यांच्या गटाने मांडलेले लिथियम आयर्न फॉस्फेट टिकाऊ ठरले. मूळचे ते विजेचे मंद वाहक; कण बारीक करून त्यांवर कार्बनचा लेप दिल्यावरच ते जलद चार्जिंगच्या कामाचे झाले.