पार्श्वभूमी : ग्रंथालयाच्या आकडेवारीतील ‘वापर’ हा शब्द

सातारा-सांगलीकडच्या महाविद्यालयांत ग्रंथालय समितीची बैठक पूर्वी विभागांच्या मागणी याद्या, वर्षाची तरतूद आणि ग्रंथपालाचा अनुभव एवढ्यावर उरकत असे. अलीकडे त्या कागदांत वापराच्या गोषवाऱ्याची भर पडली आहे. कोणत्या विषयाची तरतूद वाढवायची, कोणते नियतकालिक बंद करायचे आणि कोणती पुस्तके निर्लेखनासाठी (संग्रहातून कायमची काढून टाकण्यासाठी) काढायची, याचे उत्तर त्या गोषवाऱ्यात शोधले जाते. त्यात ‘वापर’ या एकाच शब्दाखाली निदान चार गोष्टी मोजलेल्या असतात : देवघेवीच्या नोंदी, ग्रंथालयात येऊन गेलेल्यांची संख्या, ई-साधनांवरील लॉगिन आणि डाउनलोड झालेले लेख. या चार मोजण्या निरनिराळ्या काळी, निरनिराळ्या कारणांसाठी सुरू झाल्या आणि सध्याचा बराचसा गोंधळ त्यांची एकच मोट बांधल्यामुळे झाला आहे.

आकडे पाहून संग्रह ठरवण्याची कल्पना मुळात जुनी आहे. १९२७ मध्ये कॅलिफोर्नियातील एका लहान महाविद्यालयात, मोजक्या पैशांत रसायनशास्त्राची कोणती नियतकालिके घ्यावीत हे ठरवण्यासाठी, एका अग्रगण्य नियतकालिकातील संदर्भ मोजले गेले होते. १९६९ मध्ये सुमारे २० टक्के संग्रहावर ८० टक्के देवघेव चालते, हा ठोकताळा मांडला गेला. सर्वांत गाजला तो १९७९ मध्ये प्रसिद्ध झालेला अमेरिकेतील पिट्सबर्गचा अभ्यास. तेथील विद्यापीठ ग्रंथालयाने १९६९ या वर्षात घेतलेल्या पुस्तकांपैकी जवळपास ४० टक्के पुस्तके पुढील सहा वर्षांत एकदाही वाचकाच्या घरी गेली नव्हती. त्यावर तेथील प्राध्यापकांनीच हरकत घेतली, कारण ग्रंथालयात बसून वाचलेल्या पुस्तकाची पुरेशी दखल त्या मोजणीत आली नाही, असे त्यांचे म्हणणे होते. आपल्याकडच्या चर्चासत्रांत ४० टक्क्यांचा आकडा हमखास ऐकू येतो. त्यावरची हरकत क्वचितच कोणी सांगतो.

ती हरकत समजून घेण्यासाठी पिट्सबर्गला जाण्याचे कारण नाही. सातारा जिल्ह्यातील वाई येथून संपादित झालेल्या मराठी विश्वकोशाचे खंड संदर्भ विभागात असतात आणि संदर्भ विभागातील ग्रंथ सहसा घरी दिले जात नाहीत. देवघेवीच्या नोंदीत या खंडांचा वापर वर्षानुवर्षे शून्य दिसतो, मग त्यांची पाने हाताळून कितीही मऊ पडलेली असोत. संदर्भ ग्रंथांना निर्लेखनाच्या यादीतून वगळण्याचे शहाणपण बहुतेक ठिकाणी दाखवले जाते. शंका येते ती जुन्या प्रबंधांविषयी आणि नियतकालिकांच्या बांधीव अंकांविषयी. ज्याला ते लागतात तो टेबलावरच टिपणे काढून उठतो आणि मागे नोंद राहत नाही.

बंद कपाटांच्या काळात ही अडचण आजच्याइतकी नव्हती. पुस्तक टेबलावर हवे असले तरी मागणी चिठ्ठी भरावी लागे, त्यामुळे बसून वाचलेल्या पुस्तकाचाही कागद उरत असे. वाचकाने स्वतः कपाटातून पुस्तक घेण्याची मुक्तद्वार पद्धत आली तेव्हा त्याची मोठी सोय झाली, पण तो कागद गेला. टेबलावर सोडलेली पुस्तके कपाटात परत लावण्यापूर्वी मोजून ठेवणे हा त्यावरचा साधा उपाय होता. सेवकांची पदे रिक्त राहू लागली, तशी ती मोजणी आधी बंद पडली.

संगणक आला तो देवघेवीच्या टेबलावर. विद्यापीठे आणि महाविद्यालयांसाठी देशात तयार झालेली ग्रंथालय प्रणाली २००० मध्ये आणि तिची दुसरी आवृत्ती २००९ मध्ये उपलब्ध झाली. त्यानंतर दाखल नोंदवहीतील (ग्रंथालयात आलेल्या प्रत्येक पुस्तकाची नोंद असलेल्या वहीतील) नोंदी संगणकावर चढवणे आणि पुस्तकांना बारकोड लावणे हे काम कित्येक महाविद्यालयांत वर्षानुवर्षे चालले. विषयवार, वर्गवार, महिनावार तक्ते आता एका आदेशावर निघतात. ते सहज निघतात म्हणूनच त्यांच्यावर अधिक विश्वास टाकला गेला, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. बुक बँकेतील संच सत्राच्या आरंभी दिला आणि अखेरीस परत घेतला, तर त्याची नोंद एकदाच होते, तो संच रोज उघडला गेला तरीही. याउलट दर आठवड्याला नूतनीकरण करून कपाटावर पडून राहिलेल्या कादंबरीच्या नावे सत्रात पंधरा-सोळा नोंदी जमा होऊ शकतात, कारण काही ठिकाणी नूतनीकरण ही नवी देवघेव धरली जाते आणि काही ठिकाणी धरली जात नाही.

खरा वाद मात्र मानांकनाने निर्माण केला. महाविद्यालयांना मानांकन देणारी राष्ट्रीय पातळीवरील मूल्यांकन परिषद (नॅक) १९९४ मध्ये स्थापन झाली. तिच्या २०१७ पासूनच्या सुधारित चौकटीत ग्रंथालयाचा दैनंदिन वापर हा गुण देणारा निकष ठरला आणि त्यासाठी प्रत्यक्ष येणारे व ऑनलाइन लॉगिन करणारे शिक्षक-विद्यार्थी मोजायचे ठरले. या निर्णयाच्या बाजूने बोलण्यासारखे बरेच आहे. त्यामुळे प्रवेशद्वाराजवळची नोंदवही नीट भरली जाऊ लागली आणि ग्रंथालय हा विषय प्राचार्यांच्या टेबलावर पोहोचला. परंतु आलेला माणूस आणि वापरलेले पुस्तक ही एकच गोष्ट नव्हे. या दोन जिल्ह्यांत स्पर्धा परीक्षांची तयारी करणारे विद्यार्थी सकाळी अभ्यासिकेत जागा धरतात, स्वतःची पुस्तके उघडतात आणि सायंकाळी उठतात. नोंदवहीत त्यांचा वापर चोख उमटतो. संग्रहाला मात्र त्यांचा हात लागलेला नसतो. त्याच चौकटीत पुस्तके व नियतकालिकांवरील वार्षिक खर्चही स्वतंत्रपणे विचारला गेला. खर्च किती झाला आणि माणसे किती आली, हे दोन्ही विचारले गेले. घेतलेल्या पुस्तकांपैकी किती पुस्तके कोणाच्या उपयोगी पडली, हे मात्र विचारले गेले नाही. अभ्यासिकेतील गर्दी पाहून मार्गदर्शक पुस्तकांची खरेदी वाढवणे आणि इतिहासाची वा मराठीची तरतूद आवळणे, हा निर्णय अशा आकड्यांवरून घेतला गेला, तर आकडे बरोबर असूनही निर्णय चुकीचा ठरेल.

वापराचा आकडा हिशेबाच्या नियमांतही दडलेला आहे, याकडे सहसा लक्ष जात नाही. केंद्राच्या २०१७च्या सर्वसाधारण वित्तीय नियमांतील नियम २१५ प्रमाणे, वर्षभरात दिलेल्या किंवा पाहिलेल्या दर हजार ग्रंथांमागे पाच ग्रंथ गहाळ होणे, त्यामागे अप्रामाणिकपणा वा निष्काळजीपणा नसल्यास, समजण्याजोगे मानले जाते. येथे ‘पाहिलेले’ हा शब्द स्पष्टपणे आहे. म्हणजे बसून वाचण्याची नोंद न ठेवणारा ग्रंथपाल स्वतःचीच सवलत कमी करून घेतो.

ई-साधनांचे आकडे अगदी वेगळ्या वाटेने आले. महाविद्यालयांना सहा हजारांहून अधिक ई-नियतकालिके अत्यल्प वार्षिक शुल्कात देणारी राष्ट्रीय योजना २०१०च्या सुमारास सुरू झाली आणि तालुक्याच्या ठिकाणच्या महाविद्यालयालाही ती परवडली. प्रकाशकांनी वापर कसा मोजावा, याची ‘काउंटर’ नावाची आंतरराष्ट्रीय संहिता (देवघेवीच्या काउंटरशी तिचा संबंध नाही) प्रथम २००३ मध्ये आली. एकाच लेखाचे वेबपान उघडून मग त्याची पीडीएफ घेतली, तर तिच्या जुन्या आवृत्त्यांत दोनदा मोजणी होत असे. २०१९ पासूनच्या पाचव्या आवृत्तीने असा लेख एकदाच धरणारा वेगळा आकडा दिला. त्यामुळे २०१८ आणि २०१९ यांची सरळ तुलना करता येत नाही. त्यातच सांगलीत २०१९च्या ऑगस्टमध्ये महापूर आला आणि २०२०च्या मार्चपासून टाळेबंदी लागली. पाच वर्षांचा कल दाखवणारा जो आलेख या भागातील एखादे महाविद्यालय काढेल, त्यात ही दोन वर्षे खड्ड्यासारखी दिसणार, आणि तो खड्डा वाचनाच्या आवडीनिवडीचा नाही, हे आलेखाखाली लिहावे लागेल.

मागील वापरावरून पुढील वापर ओळखता येतो, हे या साऱ्या पद्धतीचे गृहीतक आहे. नव्या शैक्षणिक धोरणानुसार संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून अभ्यासक्रम बदलू लागले, तेव्हा क्रमिक पुस्तकांपुरते तरी ते गृहीतक लटके पडले.

सर्वांत अलीकडची घडामोड खरेदीचा निर्णयच दिल्लीला नेणारी आहे. २५ नोव्हेंबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजूर केलेल्या, संस्थांसाठी नियतकालिकांची वर्गणी केंद्रानेच भरण्याच्या ‘एक राष्ट्र, एक सदस्यत्व’ योजनेत २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपयांची तरतूद असून ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० ई-नियतकालिके तिच्यात आहेत. योजनेच्या लाभार्थींची व्याख्या मात्र केंद्र वा राज्य शासनाच्या व्यवस्थापनाखालील संस्था अशी आहे. शिक्षण संस्थांनी चालवलेली या भागातील अनुदानित महाविद्यालये त्या व्याख्येत सरळ बसत नाहीत. २०२७ नंतर कोणती नियतकालिके ठेवायची याचा विचार होताना योजनेतील वापर पाहिला जाईल, असे धरले, तर त्या आकड्यांत कृष्णाकाठच्या या महाविद्यालयांतील वाचक नसतील.